खरेदी दराचं पान कोणाला दिसावं: औसा तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीची जँगोतली विकी

ही शेतकरी उत्पादक कंपनी औसा तालुक्यातली. सोयाबीन आणि तूर खरेदी करायची, चाळणी-प्रतवारी करून लातूरच्या मोंढ्यात नाहीतर थेट प्रक्रिया उद्योगाला द्यायची, आणि खरिपासाठी सभासदांच्या प्लॉटवरचं सोयाबीन बियाणं तयार करायचं, असं तिचं काम. कामाची माहिती मात्र तीन ठिकाणी विखुरलेली होती: व्हॉट्सॲपचे ग्रुप, गोदामातली एक जाड वही आणि हिशेबनिसाच्या संगणकावरचं फोल्डर. मॉइश्चर मीटर कसं लावायचं, बियाण्याचे कट्टे किती थरांचे रचायचे, कोणत्या लॉटची उगवण किती आली, हे विचारायला दर वेळी फोन करावा लागे. मागणी साधी होती. सगळं एका जागी लिहिता यावं, मागची आवृत्ती पाहता यावी, आणि ज्याला जे दिसायला नको ते दिसू नये, अशी विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची-सुधारायची साइट, हवी होती.

शेवटची अट सगळ्यात जड निघाली. कंपनी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा कमाल खरेदी दर ठरवते. तो आकडा रात्रीच बाहेर गेला, तर सकाळी काट्यावर भाव करायला काही उरत नाही. क्विंटलमागे ५० रुपये जास्त मोजावे लागले आणि दिवसाला ३०० क्विंटल माल आला, तर १५,००० रुपये एका दिवसात जातात. म्हणून विकी किती सुंदर दिसते यापेक्षा ‘खरेदी दर’ हे पान नेमकं कोणाकोणाला उघडतं, हाच या प्रकरणाचा गाभा.

खाती ३८ होती: संचालक ५, व्यवस्थापक १, हिशेबनीस २, गोदाम आणि ग्रेडिंगवरची माणसं ४, गावसमन्वयक २६. बहुतेकांचं काम मोबाइलवर. गोदामात एकच संगणक, तो चौघांत. सर्व्हर भाड्याचा, २ जीबी मेमरीचा. एवढ्याला तेवढा पुरतो.

तयार विकी का घेतली नाही

मीडियाविकी मुळात सगळ्यांनी वाचावं यासाठी बांधलेली आहे. पानागणिक वाचनबंदी हे तिचं काम नाही, आणि तसा इशारा तिच्या स्वतःच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. डोकूविकीत हक्कांची यादी चांगली आहे. फक्त लेख लिहायचे असते, तर तीच घेणं शहाणपणाचं ठरलं असतं. इथे पुढे बियाण्याच्या लॉटची नोंदवही विकीच्या पानांशी जोडायची होती, म्हणून जँगोवर, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या चौकटीवर, यायचं ठरलं. जँगोसाठी जँगो-विकी नावाचं तयार पॅकेज आहे. त्यात प्रत्येक लेखाला एक मालक, एक ग्रुप आणि ‘इतर’ अशी युनिक्सच्या फायलींसारखी व्यवस्था आहे. अडचण त्या ‘एक ग्रुप’ या शब्दांतच होती. दराचं पान संचालकांनी वाचायचं, व्यवस्थापकाने लिहायचं आणि हिशेबनिसांनी वाचायचं, म्हणजे एका लेखाला तीन ग्रुप, तेही वेगवेगळ्या पातळीवर. पॅकेजला ठिगळं लावत बसण्यापेक्षा पाच टेबलांची स्वतःची छोटी विकी परवडली. जँगोची ५.२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला.

हक्क पानाला की विभागाला

पाच टेबलं अशी: विभाग, पान, आवृत्ती, जोडपत्र आणि विभागहक्क. शेवटचं टेबल महत्त्वाचं. त्यात एक ओळ म्हणजे एक विभाग, एक ग्रुप आणि एक पातळी: १ वाचणं, २ लिहिणं, ३ मंजुरी. ओळच नसेल तर हक्क शून्य. नवा विभाग उघडला की तो कोणालाच दिसत नाही, मुद्दाम हक्क द्यावा लागतो. उलटं केलं असतं, म्हणजे सगळं उघडं ठेवून हवं ते बंद करायचं, तर एखाद्या घाईच्या दिवशी बंद करायचं राहून जाणारच होतं.

वस्तूगणिक हक्क देणारं जँगो-गार्डियन हे पॅकेजही विचारात घेतलं होतं. ते काम चोख करतं, पण प्रत्येक नव्या पानावर कोणीतरी हक्क चिकटवावे लागतात. गावसमन्वयकाने बांधावर उभं राहून मोबाइलवरून पान तयार केलं, तर हे कोण करणार? विभागाला हक्क दिले की पान ज्या विभागात आहे त्याचे हक्क त्याला आपोआप लागतात. सहा विभाग आणि पाच ग्रुप, म्हणजे अख्खी व्यवस्था तीस चौकटींच्या तक्त्यात मावते. विभाग असे: पीक आणि बियाणे, गोदाम, बियाणे लॉट, खरेदी दर, हिशेब, मंडळाचे ठराव. हा तक्ता एका कागदावर छापून संचालक मंडळापुढे ठेवला, त्यांनी दोन चौकटी बदलल्या आणि खाली सह्या केल्या. कोडची पहिली ओळ त्यानंतर लिहिली गेली. हक्क कोणाला द्यायचे हे ठरवणं प्रोग्रामरचं काम नव्हे, आणि सह्या झालेला कागद असला की पुढचे निम्मे वाद मिटतात.

मंजुरीची पातळी का लागली, याचं एकच उदाहरण पुरेसं आहे. सोयाबीनचं बियाणं साधारण हेक्टरी ७५ किलो लागतं, म्हणजे एकरी ३० किलोच्या आसपास. चाचणीच्या काळात एका मसुद्यात ‘हेक्टरी’च्या जागी ‘एकरी’ पडलं. अडीच पट बियाणं! असं वाक्य मंजुरीविना २६ गावांत गेलं तर निस्तरायला हंगाम जातो. म्हणून प्रत्येक आवृत्ती आधी ‘कच्ची’ असते, मंजुरीवाल्याने पाहिली की ‘पक्की’ होते, आणि वाचणाऱ्याला नेहमी शेवटची पक्की आवृत्तीच दिसते. कच्ची आवृत्ती फक्त लिहिणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला.

वापरकर्त्याचं मॉडेल, म्हणजे त्याच्या टेबलाचा आराखडा, पहिल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसात टेबलं बनवण्या-बदलण्याच्या पायरीच्या) आधीच स्वतःचं केलं. जँगोचं मूळ मॉडेल वापरून पुढे मध्येच बदलणं म्हणजे बांधलेल्या घराचा पाया उकरणं. लॉगिनचं नाव मोबाइल नंबर ठेवायचा मोह होतो, पण नंबर बदलतात, घरात एकच फोन दोघे वापरतात. म्हणून चार अंकी कर्मचारी क्रमांक हे लॉगिनचं नाव, आणि मोबाइल हा वेगळा रकाना. आवृत्तीवरच्या ‘लेखक’ या जोडणीला ‘प्रोटेक्ट’ लावलं, म्हणजे आवृत्ती असेपर्यंत लेखकाचं खातं पुसताच येत नाही. तिथे ‘कॅस्केड’ राहिलं असतं, तर काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं पुसताच त्याने लिहिलेल्या सगळ्या आवृत्त्याही पुसल्या गेल्या असत्या. माणूस गेला की खातं फक्त निष्क्रिय करायचं. जँगोचं नेहमीचं बॅकएंड, म्हणजे लॉगिन आणि हक्क तपासणारा भाग, निष्क्रिय खात्याचं चालू सेशनही (आधी केलेलं लॉगिनही) पुढच्या विनंतीला मानत नाही, त्यामुळे वेगळं लॉगआउट करावं लागत नाही.

सुपरयुजरने झाकलेली चूक

पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत दिसत होतं. पान उघडताना व्ह्यूमध्ये, म्हणजे पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, हक्क आहे का हे सांगणाऱ्या ‘युजर.हॅज_पर्म’ला परमिशनचं नाव आणि सोबत ते पान, अशा दोन गोष्टी दिल्या होत्या. विकसकाच्या संगणकावर पानं उघडत होती, संपादन होत होतं. व्यवस्थापकाच्या खात्याने लॉगिन केलं आणि एकही पान उघडेना.

कारण समजून घेण्यासारखं आहे. जँगोचा हॅज_पर्म दुसरी वस्तू स्वीकारतो, पण त्याचं मूळ मॉडेल-बॅकएंड वस्तूगणिक हक्क जाणतच नाही. वस्तू दिली की ते रिकामा संच परत करतं, म्हणजे उत्तर कायम ‘नाही’. ग्रुपला ती परमिशन असली तरीही. कुठे त्रुटी नाही, कुठे इशारा नाही. आणि सक्रिय सुपरयुजरच्या, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याच्या, बाबतीत तर बॅकएंडपर्यंत प्रश्न जातच नाही, आधीच ‘हो’ मिळतं. विकसक दिवसभर सुपरयुजर म्हणून काम करत होता, त्यामुळे मोडकं कुलूप त्याला उघडं दार वाटत राहिलं. इथे चूक ‘नाही’च्या बाजूला झाली म्हणून नुकसान टळलं. पण या प्रकरणातून एक नियम मात्र पक्का झाला: हक्कांचं कोणतंही काम सुपरयुजरच्या खात्यावरून तपासायचं नाही. विकसकाच्या रोजच्या वापरासाठी वेगळं, गावसमन्वयकाच्या ग्रुपमधलं खातं काढून दिलं.

दुरुस्ती करताना हक्कांचा निर्णय एकाच जागी आणला. पानांच्या क्वेरीसेटवर, म्हणजे डेटाबेसातून पानं मागणाऱ्या कोडवर, एक पद्धत लिहिली: ‘दिसणारी’, जी वापरकर्ता आणि किमान पातळी घेते आणि त्या माणसाला चालतील तेवढीच पानं परत देते. व्ह्यू, शोध, यादी, इतिहास, फाइल, सगळ्यांनी पान मिळवायचं ते फक्त या पद्धतीतून. कुठेही थेट ‘सगळी पानं’ मागायची नाहीत. पुढे हॅज_पर्मही चालावा म्हणून एक छोटं स्वतःचं बॅकएंड जोडलं, पण तेही आतून हीच पद्धत विचारतं. दोन ठिकाणी नियम लिहिले की सहा महिन्यांत ते दोन वेगळे नियम होतात.

ही पद्धत लिहिताना आधी टेबलांची सरळ जोड लावली होती: पान, त्याचा विभाग, विभागहक्क, वापरकर्त्याचे ग्रुप. एक गोदामप्रमुख संचालकही होता, म्हणजे दोन ग्रुपांत. त्याला प्रत्येक पान दोनदा दिसू लागलं. दुबार ओळी गाळणारं ‘डिस्टिंक्ट’ लावून यादी सुधारली, पण संपादन कोसळलं, कारण जतन करताना पानाची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरून ठेवली जाते आणि पोस्टग्रेस डिस्टिंक्टसोबत ते करू देत नाही. शेवटी जोड काढून ‘एग्झिस्ट्स’ उपक्वेरी घातली: या पानाच्या विभागासाठी, या माणसाच्या कुठल्याही ग्रुपची, हव्या पातळीची किंवा वरची ओळ आहे का? दुबार ओळींचा प्रश्नच उरला नाही, आणि दोन ग्रुपांत असणाऱ्याला वरची पातळी आपोआप मिळाली.

जे पान वाचायचाच हक्क नाही, तिथे उत्तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. वाचता येतं पण लिहिता येत नाही, तिथे ४०३. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं सांगणं म्हणजे असं पान आहे हे कबूल करणं, आणि ठरावांच्या विभागात नुसतं शीर्षकही पुरेसं बोलकं असतं. बाकी संपूर्ण साइटला प्रत्येक विनंतीला आधी लॉगिन मागणारं ‘लॉगिन रिक्वायर्ड मिडलवेअर’ लावलं. जँगो ५.१पासून ते अंगभूत आहे आणि लॉगिनचं पान त्यातून आधीच वगळलेलं असतं. जिथे क्लासचे व्ह्यू वापरून परमिशन तपासणारं मिक्सिन (क्लासला जोडायचा तयार तुकडा) लावलं आहे, तिथे ते वारशाच्या यादीत डावीकडे पहिलं हवं. यादीचा व्ह्यू आधी आणि मिक्सिन नंतर लिहिलं, तर तपासणी होतच नाही आणि पान निमूटपणे उघडतं.

‘खत’ आणि ‘खाते’

मराठीत शीर्षकं लिहायची, तर इथे थांबून पाहावंच लागतं. पानाच्या पत्त्यासाठी, शीर्षकाचं पत्त्यात चालेल असं रूप (स्लग) करणारं जँगोचं ‘स्लगिफाय’ युनिकोड चालू ठेवून वापरलं होतं. ‘सोयाबीन’चं झालं ‘सयबन’. पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या पद्धतीत) ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे अक्षर किंवा अंक. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये जोडचिन्हं म्हणून नोंदलेली आहेत, ती या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून गाळली जातात. नुसतं विद्रूप दिसलं असतं तर चाललंही असतं. पण ‘खत’ आणि ‘खाते’ या दोन्हींचा पत्ता ‘खत’च झाला, आणि हिशेब विभागातलं पान जतन करताना ‘असं पान आधीच आहे’ अशी अडवणूक झाली. म्हणजे हिशेबनिसाला न मागता कळलं की दुसऱ्या विभागात काय आहे. उलट दिशेनेही तेच घडलं असतं.

स्लगच्या रकान्याचा युनिकोड तपासही मात्रा नाकारतो, आणि पत्त्यातला ‘स्लग’ कन्व्हर्टर तर फक्त रोमन अक्षरं घेतो. शिवाय देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बरेचदा टक्केवारीच्या चिन्हांत फुटतो. एका चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येकाची तीन अक्षरं, म्हणजे ‘सोयाबीन’ या सात चिन्हांची ६३ अक्षरं. म्हणून पत्त्यात शीर्षक ठेवलंच नाही. पानाचा क्रमांक, बस. शीर्षक पत्त्यातून बाहेर पडत नाही हा वरचा फायदा.

शीर्षक एका विभागात दुबार नसावं, यासाठी मात्र एक वेगळी ‘तुलना-किल्ली’ लागली. ‘शेतकऱ्यांसाठी सूचना’ नावाची दोन पानं एकाच विभागात तयार झाली होती, डोळ्यांना हुबेहूब सारखी. एका कीबोर्डने अर्धा र ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिला होता, दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घातला होता. दिसायला एकच, डेटाबेसला दोन. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण यातलं काही सुधारत नाही. ते ‘र’ आणि वेगळा नुक्ता एकत्र करून ‘ऱ’ बनवतं एवढंच. म्हणून किल्ली बनवताना क्रम असा ठेवला: आधी एनएफसी, मग जोडक असलेला अर्धा र ‘ऱ्’मध्ये बदलणं, मग उरलेले न दिसणारे जोडक-विजोडक काढणं, ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ एकाच चिन्हात आणणं, देवनागरी अंक रोमन अंकांत नेणं, आणि सलग मोकळ्या जागांची एक जागा करणं. वाणाच्या नावात १५८ हा आकडा निम्मे लोक एका लिपीत लिहितात, निम्मे दुसऱ्या, म्हणून अंकांची पायरी अगत्याची. हे सगळं फक्त किल्लीवर. लिहिणाऱ्याने लिहिलेलं शीर्षक जसंच्या तसं राहतं. किल्ली आणि विभाग मिळून अद्वितीय, नुसती किल्ली नव्हे, म्हणजे दुसऱ्या विभागातल्या पानाचा सुगावा लागत नाही. शोधताना टाइप केलेला शब्दही याच चाळणीतून नेला. पानांची संख्या शेकड्यांत असेपर्यंत साधा ‘आत आहे का’ असा शोध पुरेसा वेगवान आहे.

परसदार

पानाच्या मुख्य दाराला कुलूप बसलं. प्रत्यक्ष गळती झाली ती दुसऱ्याच वाटेने. चाचणीच्या काळात व्यवस्थापकाने दरपत्रकाचा फोटो ‘खरेदी दर’ विभागातल्या पानाला जोडला. त्या फोटोचा पत्ता कॉपी होऊन एका ग्रुपवर गेला, आणि गावसमन्वयकाने लॉगिन न करता, नुसत्या बोटाने दाबून तो उघडला. लॉगिनची सक्ती असलेल्या साइटवर!

फाइल जँगोपर्यंत आलीच नव्हती. ‘मीडिया’ फोल्डरमधल्या फाइली एनजिनएक्स, म्हणजे जँगोच्या पुढे उभं असलेलं वेबसर्व्हर सॉफ्टवेअर, थेट देत होतं, आणि एनजिनएक्सला ग्रुप, विभाग, हक्क काही ठाऊक नसतं. दुरुस्तीचे भाग तीन. एनजिनएक्समध्ये त्या फोल्डरच्या जागेला ‘इंटर्नल’ केलं, म्हणजे बाहेरून मागितलं तर ४०४. फाइलसाठी जँगोचा एक व्ह्यू लिहिला, जो जोडपत्राचं पान ‘दिसणारी’ पद्धतीतून मागतो, आणि मिळालं तर ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेत) आतला पत्ता देतो. फाइल पाठवण्याचं काम एनजिनएक्सच करतं, त्यामुळे लहान सर्व्हरवर ताण येत नाही. तिसरं, साठवताना फाइलचं नाव यादृच्छिक ठेवलं आणि ‘दरपत्रक सोमवार.जेपीजी’ असं मूळ नाव डेटाबेसात. त्या हेडरमध्ये देवनागरी नाव गेलं की टक्के-चिन्हांत नीट बदलून द्यावं लागतं आणि तिथे हमखास गोंधळ होतो. हा हेडर विकसकाच्या संगणकावर काहीच करत नाही, कारण तिथे एनजिनएक्सच नसतं. ही तपासणी खऱ्या सर्व्हरसारख्या मांडणीवरच करावी लागते. जाता जाता: एनजिनएक्सची अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी आहे. मोबाइलचे फोटो ३-४ एमबीचे, त्यामुळे ४१३ची त्रुटी येते आणि दोष जँगोवर जातो. मर्यादा ८ एमबी केली.

या एका घटनेनंतर माहिती बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा कागदावर मांडल्या. ‘अलीकडचे बदल’ या यादीत आवृत्त्या थेट आवृत्तीच्या टेबलातून येत होत्या, पानांच्या चाळणीतून नव्हे. दुवा लिहिताना शीर्षकं सुचवणारी पेटी सगळीच शीर्षकं सुचवत होती. ‘या पानाकडे येणारे दुवे’ इथेही तेच. सगळ्यात फसवी निघाली ती बाजूची विभागांची यादी. वेग यावा म्हणून ती टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) दहा मिनिटांसाठी कॅश केली, म्हणजे तयार साठवून ठेवली होती, आणि कॅशच्या किल्लीत वापरकर्ता नव्हता. व्यवस्थापकाने पान उघडलं की पुढची दहा मिनिटं सगळ्यांना व्यवस्थापकाची यादी. दुवा दाबला तर ४०४ यायचा, पण नावं दिसून गेलेली असायची. सहा विभागांच्या यादीला कॅश कशाला हवी, ती काढूनच टाकली.

टेम्प्लेटमध्ये ‘संपादन’चं बटण लपवणं ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. बटण दिसत नसलं तरी संपादनाचा पत्ता हाताने लिहिता येतो. तिथल्या ‘पर्म्स’ या चलाला तर वस्तू देताही येत नाही, म्हणून व्ह्यूमधूनच ‘लिहिता येतं का’ हे एक उत्तर टेम्प्लेटला पाठवलं.

एक वाट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती: पान एका विभागातून दुसऱ्यात हलवणं. ‘खरेदीचे नियम’ हे पान दर विभागात होतं. त्यातला मजकूर आता निरुपद्रवी झाला, म्हणून ते ‘पीक आणि बियाणे’मध्ये हलवायचं ठरलं. पण हक्क विभागाचे, आणि इतिहास पानाबरोबर जातो. पान हललं की जुन्या आवृत्त्यांमधले कमाल दरही सर्वांना उघडे होणार होते. उघड्या विभागातून बंद विभागात नेताना काही बिघडत नाही. उलट दिशेला धोका आहे. म्हणून जास्त लोक वाचतात अशा विभागात पान हलवायला बंदीच घातली. त्याऐवजी ‘प्रत काढा’ हे बटण आहे, जे फक्त शेवटच्या पक्क्या मजकुराचं नवं पान तयार करतं, इतिहास आणि जोडपत्रांशिवाय.

मार्कडाउनमधून (साध्या खुणांच्या मजकुरातून) तयार झालेलं एचटीएमएल दाखवण्याआधी एनएच३ या गाळणीच्या पॅकेजने गाळणं हेही याच यादीतलं काम आहे. पायथन-मार्कडाउन स्वतः काही गाळत नाही. त्याचा जुना ‘सेफ मोड’ ३.० आवृत्तीपासून काढलेला आहे. एखाद्या कच्च्या आवृत्तीत स्क्रिप्ट आली आणि व्यवस्थापकाने मंजुरीसाठी ती उघडली, तर ती स्क्रिप्ट व्यवस्थापकाच्या हक्कांनी चालते. मग वरचा तीस चौकटींचा तक्ता कागदावरच राहतो.

ग्रुप, ॲडमिन आणि गोदामातला संगणक

पाच ग्रुप आणि त्यांच्या परमिशन आधी डेटा मायग्रेशनमध्ये लिहिल्या होत्या. विकसकाकडे चाललं, नव्या सर्व्हरवर ‘परमिशन अस्तित्वात नाही’ म्हणून थांबलं. जँगो परमिशनच्या ओळी सगळी मायग्रेशन संपल्यावर तयार करतं. विकसकाच्या डेटाबेसात त्या आधीच्या वेळच्या पडून होत्या. उपाय म्हणून वेगळी मॅनेजमेंट कमांड केली. ती कितीदाही चालवली तरी परिणाम तोच. ग्रुप नसेल तर बनवते, आणि परमिशन व विभागहक्क सह्या झालेल्या तक्त्याप्रमाणे बसवते. प्रत्येक वेळी कोड चढवला की मायग्रेशननंतर ही कमांड चालते.

नवीन समन्वयकाचं खातं व्यवस्थापकाला स्वतः काढता यावं, ही मागणी रास्त होती. त्यासाठी त्याला ॲडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांत, ‘युजर बदलण्याची’ परमिशन देणं सोपं वाटतं. ते करू नये. ज्याला ॲडमिनमधून युजर बदलता येतो, त्याला स्वतःला सुपरयुजर करता येतं, इतरांचे पासवर्डही बदलता येतात. त्याऐवजी चार रकान्यांचा स्वतंत्र फॉर्म दिला: नाव, क्रमांक, मोबाइल, ग्रुप. ग्रुपच्या यादीत फक्त गोदाम आणि गावसमन्वयक. संचालक किंवा हिशेब या ग्रुपमध्ये माणूस घालायचा तर मंडळाचा ठराव आणि तांत्रिक सांभाळणाऱ्याचा हात, दोन्ही लागतात.

जँगोचं सेशन मुळात दोन आठवडे टिकतं. गोदामातल्या चौघांच्या संगणकावर ते धोक्याचं, म्हणून लॉगिनच्या पानावर ‘हा माझा स्वतःचा फोन आहे’ अशी खूण ठेवली. खूण नसेल तर ब्राउझर बंद होताच सेशन संपतं. शिवाय दर विभागाच्या पानांसाठी कोणत्याही उपकरणावर शेवटच्या लॉगिनला १२ तास झाले असतील, तर पासवर्ड पुन्हा विचारला जातो.

दोघांनी एकच पान एकाच वेळी लिहिलं तर काय, हे इथे थोडक्यात सुटलं. फॉर्ममध्ये ज्या आवृत्तीवरून लिहायला घेतलं तिचा क्रमांक लपवून जातो. जतन करताना पानाची ओळ धरून शेवटचा क्रमांक तपासायचा, जुळला नाही तर दोन्ही मजकूर शेजारी दाखवायचे. गावात नेट अडखळतं, लोक ‘जतन करा’ दोनदा दाबतात, तेव्हा पान आणि आवृत्ती क्रमांक मिळून अद्वितीय ही अट दुसरी प्रत अडवते.

तपासणीचा तक्ता

चाचण्या लिहिताना पाच ग्रुपांत दोन माणसं आणखी धरली: लॉगिन न केलेला, आणि लॉगिन आहे पण ग्रुप नाही असा. सात माणसं, सहा विभाग, आणि सहा कृती: वाचणं, इतिहास, शोध, जोडपत्र, लिहिणं, हलवणं. एकूण २५२ तपासण्या, एकाच चाचणीत ‘सबटेस्ट’ने फिरणाऱ्या, मिनिटभराच्या आत संपणाऱ्या. अपेक्षित उत्तरं मंडळाने सही केलेल्या कागदावरून हाताने टाइप केली. ती ‘दिसणारी’ पद्धतीवरूनच काढली असती, तर कोडने स्वतःलाच पास केलं असतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ११ चौकटी लाल आल्या. त्यातल्या नऊ इतिहासाच्या व्ह्यूच्या होत्या: तो पान चाळणीतून घेत होता, पण तुलना करायच्या दोन आवृत्त्या नुसत्या क्रमांकावरून. पत्त्यात आपल्या पानाचा क्रमांक आणि दुसऱ्या पानाच्या आवृत्तीचा क्रमांक दिला की तो मजकूर समोर येत होता. आवृत्ती त्याच पानाची आहे का, ही एक अट घालताच त्या नऊ हिरव्या झाल्या.

हंगामापुरत्या हक्कांचं काम अजून चालू आहे. लेखापरीक्षकाला तीन आठवडे हिशेब विभाग वाचायचा असतो, तूर खरेदीच्या काळात दोन जास्तीची माणसं गोदामात येतात. जँगोच्या ग्रुपमधल्या सभासदत्वाला तारीख नसते, आणि मुदत संपल्यावर आठवणीने काढायचं म्हटलं की राहून जातं. म्हणून ‘तात्पुरता हक्क’ असं सहावं टेबल येतंय: माणूस, विभाग, पातळी, कधीपासून, कधीपर्यंत. पातळी फक्त वाचणं किंवा लिहिणं, मंजुरी कधीच नाही. ‘कधीपर्यंत’ रिकामं सोडता येत नाही. आणि ‘दिसणारी’ पद्धतीत दुसरी एक ‘एग्झिस्ट्स’ अट वाढते, आजची तारीख त्या दोन तारखांच्या मध्ये आहे का एवढंच पाहणारी. त्यासाठी सर्व्हरचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असल्याची खात्री आधीच केली आहे, नाहीतर मध्यरात्री संपायचा हक्क पहाटे साडेपाचला संपला असता.